तुळस का वाळली? आधी भेग बघा

होळी झाली की आमच्या परभणीत एक बोलणं कानावर येतंच: "विटाळाचा हात लागला, म्हणून तुळस वाळली." यंदा शेजारच्या काकूंनी ते माझ्यासमोरच सुनेला ऐकवलं. मला ते फार लागलं. तुळस अंगणातल्या काळ्या मातीत लावलेली. वाकून पाहिलं, तर बुंध्यापासून चार बोटांवर भेग. कडब्याचं धाट घातलं, ते वीतभर सहज आत गेलं. तांब्याभर पाणी ओतलं. गुडगुड आवाज झाला आणि पाणी खाली गडप. वरची माती कोरडीच.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. वहीच्या पानांसारखे त्याचे थर. थरात काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे थरावर ऋण भार राहतो. तो भागवायला कॅल्शियमसारखे धन आयन, म्हणजे धन भार असलेले कण, थरांच्या मध्ये येऊन बसतात आणि पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढून घेतात. कोरड्या खनिजात एका थरापासून पुढच्या थरापर्यंत सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्याचे दोन पदर शिरले की दीड. अशा असंख्य वह्या एकदम फुगतात, म्हणून पावसाळ्यात जमीन फुलते. शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममध्ये थरांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. एका ग्रॅमात सात-आठ गुंठे!

फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत हेच उलटं होतं. पाणी उडतं, थर जवळ येतात, जमीन आकसते आणि फाटते. फाटताना तंतुमुळं तुटतात. भेगेच्या भिंतींवरून खालची ओलही उडते. उरलेलं पाणी माती घट्ट धरून ठेवते. ते सोडवायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १५ पट ओढ लागू लागली की बहुतेक झाडं माना टाकतात, मग माती हाताला ओलसर का लागेना.

यात बाईच्या पाळीचा संबंध येतोच कुठे? सुनेला बोल लावणं हा अन्याय आहे, आणि भेग तशीच राहिल्याने तुळसही हातची जाते.

रब्बी ज्वारीत भेगा बुजवायला शेतकरी कोळपणी करतात. अंगणात तेच खुरप्याने करा. वरची दोन बोटं माती मोकळी करून, चाळलेलं शेणखत मिसळून भेगेत लोटा. वर कडुलिंबाचा पाला पसरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. याच दिवसांत तो ढिगाने गळतो आणि आपण झाडून पेटवून देतो! पाणी सकाळी लवकर, दोन हप्त्यांत द्या: आधी थोडं, माती फुगून भेग मिटू द्या, अर्ध्या तासाने बाकीचं.

हिरवळीबद्दल थोडं. थंड देशांतल्या व्हिडिओंमधला वसंत बर्फ वितळल्यावर येतो. आपल्याकडे पालवी फुटते तेव्हा पारा चाळिशीकडे निघालेला असतो. त्यांचं वेळापत्रक इथे चालत नाही. आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, उष्ण हवेतलंच गवत. रात्री उबदार झाल्या की ती जोमाने पसरते. फक्त एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नका. फार आखूड कापलं की खालची माती उघडी पडते, आणि तिथेही भेग धरते.