झडतीमागचा कापूस

पोळ्याच्या संध्याकाळी गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. डफडं मध्येच थांबतं, कुणीतरी घसा खाकरून दोन ओळी फेकतो आणि अख्खा जमाव ओरडतो, ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!’ ही झडती. पोलीस घेतात तीही झडतीच. दोन्ही शब्दांचं मूळ एक असो नसो, काम सारखंच: कुणाच्या खिशात काय आहे ते चारचौघांत बाहेर काढायचं.

विदर्भातल्या हालअपेष्टांची गाणी म्हटली की लोक आधी रडगाणी शोधतात. मी झडतीपासून सुरुवात करतो, कारण बोलायची मुभा कुणाला आणि कधी मिळत होती, हे तिच्यात दिसतं. सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, वर्षभर मालकापुढं मान खाली घालून राबायचा. पोळ्याला मात्र बैल धुऊन, सजवून तोच तोरणाखाली आणणार आणि मग बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला दारोदार जाणार. त्या दिवशी त्यानं कंजूष मालकाला चार ओळींत चिमटा काढला, तर मालकाला हसून घ्यावं लागे. शेवटी महादेवाचं नाव आलेलं असे, रागावणार कुणावर?

या चिमट्यांना दारिद्र्याचा मजकूर कापसानं पुरवला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये तिचा फाटा खामगावच्या कापूस बाजारात गेला. युद्ध संपलं, भाव पडले, शेतसारा आणि सावकार मात्र जागच्या जागी राहिले. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी राहिली, घरची धान्याची पेवं आटत गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. रेल्वेनं माल बाहेर जाताना त्यांना दिसत असेलच.

बायका हे सगळं जात्यावर बोलत. पहाटेच्या अंधारात सासर, माहेर, कर्ज आणि पाऊस एकाच ओवीत दळले जात, ऐकायला फारतर समोर बसलेली जाऊ. पुढं पिठाची गिरणी आली. तिच्यामुळं हाताला आराम मिळाला यात शंका नाही, पण ओवी म्हणायची जागा गेली ती गेलीच.

विसाव्या शतकात गाणं उघड्यावर आलं. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्या गर्दीची प्रश्नोत्तरांतली उलटतपासणीच. सावकार आणि दारू त्यातून कधी सुटले नाहीत, आणि बाबांच्या आजोळची जमीन सावकारानंच गिळली होती. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत चिमूर आणि आष्टी पेटलं, तेव्हा सरकारनं त्यांना धरून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकार इतकं घाबरलं, यापेक्षा मोठी पावती कोणत्या कवीला मिळाली?

पण तोरणाखाली सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती. मानाची जोडी पुढं, बाकीच्या मागं, आणि ज्यांच्याकडं बैलच नाहीत ते कडेला. त्यांचं गाऱ्हाणं आभाळाशी नव्हतं, गावाशीच होतं. ते गावाच्या मांडवात कसं मावणार? आंबेडकरी जलशांनी आणि भीमगीतांनी स्वतःचा मंच उभा केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ तारखेला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्या गाण्यांचा सूरच बदलला. मागण्याचा आवाज गेला, सांगण्याचा आला.

कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, ही एकाधिकार खरेदी १९७२ च्या सुमारास सुरू झाली. माल केंद्रावर घालायचा, हातात पावती घ्यायची आणि पैशाची वाट बघायची. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून फास, विधवा आणि भेगाळलेली माती यांवर गाण्यांचं पीक आलं. त्यातली बरीच मला पटत नाहीत. ती शहरातल्या परीक्षकासाठी लिहिलेली वाटतात. ज्याच्या शेतात बोंडअळी पडली त्याला भेगाळलेल्या मातीची उपमा ऐकून काय करायचं?

मी स्वतः लिहायला बसलो तेव्हा पुन्हा झडतीकडंच गेलो. जोडली ती अशी:

कापूस गेला गाडीनं, पावती आली घरी
पावती पायून बैल मने, आपली गव्हानच बरी

पोळ्याला म्हटली, लोक हसले. मागं उभ्या म्हाताऱ्यानं मात्र खांद्यावर हात ठेवला. ‘गव्हान खाते का बैल? कुटार म्हन, बाबू.’ कुटार म्हणजे गव्हाणीत टाकतात तो भुसा. मी म्हटलं, मग ‘बरं’ म्हणावं लागंल, यमक जाईल.

‘यमक तुह्या घरी ठेव,’ तो म्हणाला. ‘बैल काय खाते थे सांग.’