केसवर्कर आणि सांस्कृतिक सल्लागार: ही दोन कामं एक नव्हेत

सकाळचे पावणेनऊ. मेलबर्नमधल्या एखाद्या कौटुंबिक हिंसाचार सेवा केंद्राचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तिथली एकुलती एक ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी समाजातली, केसवर्कर पर्स खांद्याला लावून निघाली आहे, कारण साडेनऊला एका बाईबरोबर तिला कोर्टात हजर राहायचंय. तेवढ्यात मॅनेजर दारात येतात. "निवाऱ्याच्या नव्या नियमांची मेल टाकलीये. तुमच्या संस्कृतीच्या दृष्टीने एकदा नजर टाकशील? दुपारी मीटिंग आहे." विनंती साधी, आवाजही आपुलकीचा. पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या नोकऱ्या एकीच्याच गळ्यात पडल्या.

ऑस्ट्रेलियात हा घोळ सहज होतो, कारण दोन्ही पदांची जाहिरात बहुतेक वेळा 'आयडेंटिफाइड पोझिशन' म्हणून निघते, म्हणजे अर्ज ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरच्या मूळ रहिवासी) व्यक्तीनेच करायचा. अंगात तोच समाज, त्याच इमारतीत टेबल, विषयही तोच. समाजकार्य शिकायला तिकडे गेलेली आपली मराठी मुलंमुलीही या दोघींना एकच समजून चालतात.

केसवर्कर ही मदत मागायला आलेल्या बाईला बांधील असते. आज रात्री ही बाई आणि तिची मुलं कुठे झोपणार, कोर्टाचा संरक्षण आदेश कधी मिळणार, नवऱ्याला तिचा फोन शोधून काढता येतो का, हे तिचे प्रश्न. सांस्कृतिक सल्लागार त्या बाईला कदाचित कधी भेटणारही नाही. तिच्या हाताखालचा पेशंट, असं म्हणायचं तर, ती संस्थाच असते. बाई दारापर्यंत आली आणि अर्ध्या तासात परत का गेली, आपल्या फॉर्ममध्ये, नियमांत, स्वागताच्या टेबलावर असं काय आहे की ती पुन्हा फिरकली नाही, हे शोधून संस्थेला तोंडावर सांगणं, हे सल्लागाराचं काम.

फॉर्मचंच घ्या. धोका किती आहे हे ठरवायला बाईला प्रश्नांची लांबलचक यादी विचारतात आणि उत्तरं होय किंवा नाही अशी टिपतात. अनोळखी अधिकारी समोर बसून एकामागून एक प्रश्न विचारू लागला की अनेक ॲबोरिजिनल माणसं 'हो, हो' म्हणत जातात. त्या 'हो'चा अर्थ 'तुम्ही म्हणता ते खरं' असा नसतो, 'ऐकतेय, लवकर संपवा' असा असतो. ऑस्ट्रेलियातल्या भाषाअभ्यासकांनी कोर्टांच्या संदर्भात हे कधीच दाखवून दिलंय. उलट, एखाद्या प्रश्नावर बाई बराच वेळ गप्प राहिली तर ती विचार करत असते, टाळत नसते. नवख्या कर्मचाऱ्याला ती शांतता सोसत नाही, तो पुढच्या प्रश्नाकडे जातो आणि खरं उत्तर तिथेच राहून जातं. सल्लागार अशा वेळी फॉर्म फेकून द्या म्हणत नाही. आधी गप्पा होऊ द्या, माणूस कुठलं, कुणाच्यातलं ते कळू द्या, मग त्यातून रकाने भरा, असं ती शिकवते. तिकडे या बोलण्याला 'यार्निंग' म्हणतात.

मग 'मुलं किती' हा रकाना. बाई 'पाच' म्हणते, कागदोपत्री दोन निघतात. खोटं कुणीच बोलत नाही. बहिणीची तीन मुलं तिच्याकडेच वाढताहेत आणि नात्याच्या हिशेबात ती तिचीच आहेत. निवाऱ्याची खोली मात्र दोन मुलांपुरती. बहिणीची मुलं मागे टाकून ती येणार नाही, आणि फाइलवर शेरा पडतो: 'मदत नाकारली'. घरात मयत झालं की 'सॉरी बिझनेस' सुरू होतं, दिवसचे दिवस गावी जावं लागतं, आणि निवाऱ्याचा नियम म्हणतो की ठरावीक रात्रींपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर खोली गेली. नियम लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो लिहिताना खोलीत कोण बसलं होतं, याने सगळा फरक पडतो.

इथे शब्दाचाही एक गुंता आहे आणि तो मराठी वाचकाला मुद्दाम सांगावासा वाटतो. तिकडे 'डोमेस्टिक' आणि 'फॅमिली' हे दोन वेगळे शब्द चालतात. आपल्याकडे २००५ च्या कायद्यातल्या 'डोमेस्टिक'लाच 'कौटुंबिक' म्हटलं, त्यामुळे मराठीत दोन्ही एकाच डब्यात जातात. ॲबोरिजिनल समाजाने 'फॅमिली' हा शब्द हट्टाने धरला, कारण त्यांचं कुटुंब नवरा-बायकोपाशी संपत नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या मूळ रहिवाशांच्या टास्क फोर्सने २००३ मध्ये जी व्याख्या मांडली, तिच्यात आप्तांचं जाळं आणि सगळा समाज येतो. आत्महत्या येते. आणि समाजासाठी राबणाऱ्या ॲबोरिजिनल कार्यकर्त्यांना होणारा छळही येतो. म्हणजे ती पावणेनऊची केसवर्कर, आपण जिला दुसरं काम सहज सांगून टाकलं, तीसुद्धा या व्याख्येच्या आत उभी आहे.

दारात यायला बाई का कचरते, हे समजायला मागे जावं लागतं. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकार, मिशन आणि संस्थांनी ॲबोरिजिनल मुलं घरातून उचलून नेली. त्यावरचा राष्ट्रीय अहवाल १९९७ मध्ये आला, पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. आजही ॲबोरिजिनल मूल घराबाहेरच्या सरकारी देखभालीत असण्याचं प्रमाण इतर मुलांच्या सुमारे दहापट आहे. मार खाल्ल्याचं सांगितलं तर 'मुलं असुरक्षित' म्हणून मुलंच जातील, ही भीती आजीकडून नातीकडे आलेली आहे. पोलिसांचंही तेच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या साउथ हेडलंडमध्ये हिंसाचाराच्या तक्रारीवरून पोलीस एका घरी गेले आणि न भरलेल्या दंडापायी त्या घरातल्या २२ वर्षांच्या ॲबोरिजिनल मुलीलाच कोठडीत घेऊन गेले. ती तिथे दगावली. तिच्या घरच्यांच्या इच्छेने सगळा देश तिला फक्त 'मिस धू' म्हणतो, पहिलं नाव घेत नाही. मेलेल्या माणसाचं नाव न घेण्याची ही रीत संस्थेच्या पत्रकात, भाषणात, भिंतीवरच्या फोटोखाली पाळली जाते का, हे पाहणंही सल्लागाराच्याच वाट्याला येतं.

तर मग एकाच व्यक्तीने दोन्ही केलं तर बिघडलं कुठे? कष्टाचा मुद्दा आहेच. पगार एकाचा, काम दोघांचं, आणि वर सगळ्या समाजाच्या वतीने बोलण्याचं ओझं, ज्याला तिकडे 'कल्चरल लोड' म्हणतात. पण मला त्याहून गंभीर वाटतो तो हितसंबंधांचा पेच. सल्लागाराला मॅनेजरला सांगावं लागतं की तुमचा नियम बायकांना घालवतोय. केसवर्करला मात्र उद्या त्याच मॅनेजरकडे आपल्या बाईसाठी खोली मागायची असते. दोन्ही एकीनेच करायचं म्हटलं की ती बोलताना आवाज उतरवते, आणि तो उतरवला म्हणून तिला दोष देता येणार नाही. शिवाय गोपनीयता. समाज लहान, नाती दूरवर पसरलेली. मारणारा केसवर्करचाच मावसभाऊ निघू शकतो. सल्लागाराला नाव-गाव न सांगता, 'अशी अशी परिस्थिती आहे' एवढंच मांडून विचारता येतं. केसवर्करला तशी आडपडद्याची सोय नसते.

सल्लागार म्हणजे संस्कृतीची ढाल, हा गैरसमजही फार जागी भेटतो. 'त्यांच्यात असंच चालतं' असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवायचं तिनेच. ॲबोरिजिनल बायकांना मारणारे पुरुष सगळ्या समाजांतले असतात, गोरेही. हिंसा ही त्यांची परंपरा नाही, हे तिथल्या बायका किती वर्षं घसा कोरडा करून सांगताहेत.

या सगळ्याच्या मुळाशी 'कल्चरल सेफ्टी' ही कल्पना आहे. ती शेजारच्या न्यूझीलंडमधून आली, इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सने ती घडवली. सेवा सुरक्षित होती की नाही हे देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवायचं, हा तिचा गाभा. एका दिवसाचं प्रशिक्षण घेऊन सर्टिफिकेट लावलेल्या कर्मचाऱ्याला हे ऐकायला जड जातं. सल्लागाराचं म्हणणं संस्थेवर बंधनकारक नसेल, तर निदान लेखी उत्तर तरी मिळायला हवं: हे मानलं, हे मानलं नाही, कारण हे. उत्तर देण्याची सक्तीच नसेल, तर सल्लागार नुसती फोटोपुरती उरते.

छोट्या गावातल्या केंद्राला दोन पदं परवडत नाहीत, हे खरंच आहे. तिथे चांगला मार्ग असा की केसवर्कर आपली ठेवावी आणि सल्ला समाजाच्या स्वतःच्या संस्थेकडून, तासांचे पैसे मोजून घ्यावा. मेलबर्नमध्ये एलिझाबेथ मॉर्गन हाउस हा ॲबोरिजिनल बायकांचा निवारा १९७० च्या दशकापासून आहे. २००२ मध्ये कायदेशीर मदतीसाठी निघालेली संस्था आज 'जिरा' नावाने ओळखली जाते, टोपल्या विणायच्या गवताचं वुईवुरुंग भाषेतलं नाव. अशा संस्थांना 'जरा पाच मिनिटं बोलू का' म्हणून फुकट फोन करत राहणं बंद झालं, तरी पुष्कळ होईल.

आणि या दोघींच्याही आधी एक प्रश्न येतो, तो बाईला विचारायचा: तुम्हाला ॲबोरिजिनल कार्यकर्ती हवी, की बाहेरची? काही जणी बाहेरची मागतात, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिने तसं मागितलं तर तसंच द्यायचं, फाइलवर शेरा न मारता.