चाओ

चाओ : खूप तापलेल्या खोलगट लोखंडी कढईत (कँटनी नाव : वॉक) थोड्या तेलावर बारीक चिरलेले पदार्थ सतत हलवत काही मिनिटांत शिजवण्याची चिनी पद्धत. मराठी स्वयंपाकातल्या परतण्यापेक्षा आच बरीच तीव्र असते आणि झाकण ठेवून वाफ सहसा आणत नाहीत.

उगमाविषयी मतभेद आहेत. हान काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) थडग्यांत सापडलेल्या चुलींच्या मातीच्या प्रतिकृतींवर कढईसारखी भांडी दिसतात. त्यावरून काहींनी चाओ तितकी जुनी मानली. परंतु ती भांडी मुख्यतः धान्य भाजण्या-वाळवण्याची असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चिनी लेखक ‘ज्या सश्ये’ यांच्या ‘छीमिन याओशू’ या सहाव्या शतकातील कृषिग्रंथात अंड्यांची एक कृती येते : तांब्याच्या भांड्यात अंडी फोडून ढवळायची, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, मीठ व आंबवलेले सोयाबीन घालून तिळाच्या तेलात परतायची. ही निःसंशय चाओच; तरी त्या ग्रंथाचा भर उकडणे, वाफवणे, भाजणे यांवर आहे. सुंग काळात (९६०–१२७९) चित्र बदलते. मंग युआनलाओ यांनी ११४७ च्या सुमारास लिहिलेल्या कायफंग शहराच्या आठवणींत खाणावळींतील परतलेल्या शिंपल्या व खेकडे यांची नावे आहेत. घरोघरी प्रसार बहुधा मिंग काळाच्या (१३६८–१६४४) उत्तरार्धातला. सरपण व कोळसा महागल्याने कमी वेळ शिजणारे अन्न परवडले, ही उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे; पातळ ओतीव लोखंडी कढयांचा वाटाही त्यात असावा.

मुख्य प्रकार : शंगचाओ (कच्चे जिन्नस थेट कढईत), शूचाओ (आधी शिजवलेले मांस), ह्वाचाओ (मांसाला स्टार्चचा लेप) आणि सिच्वानमधील कानप्येन (पाणी आटेपर्यंत कोरडे परतणे).

ह्वाचाओसाठी २५० ग्रॅम मांसाचे, धाग्यांना आडवे, सुमारे ३ मिमी जाडीचे काप करतात. त्यांना प्रत्येकी एक चमचा कॉर्नफ्लॉवर, सोया सॉस व तेल आणि मोठा चमचाभर पाणी चोळून २० मिनिटे ठेवतात. लेपामुळे रस आत राहतो. चिवट मांसाला आधी पाव चमचा खायचा सोडा लावून १५ मिनिटांनी धुऊन, नीट निथळून घेतात. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते.

कोरडी कढई धुराची पहिली रेघ येईपर्यंत तापवून मगच तेल घालावे, म्हणजे मांस चिकटत नाही. मांस एका थरात पसरून अर्धा मिनिट न हलवता ठेवतात आणि जेमतेम शिजले की काढतात. नंतर आले-लसूण १०–१५ सेकंद, मग गाजर-फरसबी, शेवटी पालेभाज्या. मांस परत घालून, आधी कालवून ठेवलेला सॉस कढईच्या कडेने सोडतात. आच चढल्यावर चिरायला वेळ नसतो.

घरी बिघडते ते बहुधा पाण्यामुळे. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते. भाजी ओली असली किंवा कढईत एकदम अर्धा किलो जिन्नस पडला, तर घरगुती शेगडी ती पुरवू शकत नाही. तापमान १०० अंश सेल्सिअसजवळ अडते आणि सुमारे १४० अंशांपुढे वेगाने घडणारी खरपूस तांबूस होण्याची क्रिया (मेलार्ड अभिक्रिया) सुरूच होत नाही. भाजी पुसून घेणे आणि दोन घाण्यांत करणे हाच उपाय. बिडाची जड कढई उष्णता धरते, पण उचलून झटकता येत नाही. टेफ्लॉनचा लेप सुमारे २६० अंशांपुढे विघटित होऊ लागतो. ते भांडे या कामाचे नव्हे.

खाणावळीतील शेगडीची ज्वाळा घरच्यापेक्षा अनेकपट प्रखर असते. हवेत उडालेले तेलाचे थेंब तिच्यात पेटतात व धुरकट स्वाद येतो; कँटनी लोक त्याला ‘वॉक हे’ म्हणतात. परतलेला भात उडवण्याचा ठेका सेकंदाला सुमारे तीन वेळा असतो, असे को व हू या संशोधकांनी २०२० मध्ये मोजून दाखवले.

भारतात ही पद्धत कोलकात्यातील हक्का चिनी वस्तीमार्फत पोहोचली. गाडीवरचे हक्का नूडल्स चाओतच मोडतात. मंचूरियन मात्र तळून सॉसमध्ये घोळवलेला पदार्थ आहे.