दवाखान्यात मांजर लंगडत नाही

म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असले, तरी तपासणीच्या टेबलावर ते कळेलच असं नाही. भेदरलेलं मांजर अंग चोरून बसतं, चालून दाखवतच नाही. भीतीने त्याची रक्तातली साखरही वाढते. नुसत्या त्या एका आकड्यावर विसंबलं तर नसलेला मधुमेह दिसू लागतो. खरी खूण घरी असते: थेट कपाटावर झेपावणारं मांजर हल्ली आधी खुर्चीवर चढतं, थांबतं, मग वर जातं. हे पाहिलेलं असतं पालकाने, पण ‘वय झालंय’ म्हणून तो बोलत नाही.

पालकाकडून ते काढून घेणं डॉक्टरांच्या प्रश्नावर अवलंबून आहे. ‘नीट खातोय ना?’ याला उत्तर येतं ‘हो’. ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ असं विचारलं की कळतं, कुत्र्याने कडक खाणं सोडलंय. मग दात बघायचे सुचतं. माणसांच्या डॉक्टरांवरचा १९८४ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: रुग्णाला बोलायला लागून सरासरी १८ सेकंद होतात न होतात, तोच डॉक्टर मध्ये बोलत. तिथे रुग्ण निदान पुन्हा तोंड उघडू शकतो. कुत्र्याची ती सोय नाही.

म्हणून मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढून न्यावा. हृदयविकार असलेला कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो, हेही घरीच मोजता येतं. आकडा वारंवार ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना कळवायचं.

उपचाराच्या निर्णयाचंही तसंच. मधुमेही मांजराला बहुधा दर बारा तासांनी इन्सुलिन लागतं. घरात कोणाची रात्रपाळी असेल, तर हे जमेल का? खर्च झेपेल का? हे आधीच विचारायला हवं. मात्र तीन पर्याय समोर टाकून ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हणणं, याला मी तरी अंग काढून घेणं म्हणेन. डॉक्टरांनी स्वतःचं मतही सांगावं, कारणासकट.

ठरल्यावर पालकाने डॉक्टरांसमोर एकदा सिरिंज भरून दाखवावी. प्राण्यांसाठीचं काही इन्सुलिन मिलिलीटरला ४० युनिटचं असतं, माणसांचं बहुतेक १०० चं, आणि सिरिंजवरच्या खुणाही त्याप्रमाणे वेगळ्या. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं, तर डोस अडीचपट जातो.