चिविता दी बान्योरेजो: तिकीट काढून जायचं गाव

‘मरणारं शहर’ हे इटलीतल्या चिविता गावाचं विशेषण आता तिथल्या पर्यटनाची जाहिरात झालं आहे. विसाव्या शतकात ते रूढ केलं त्याच भागातल्या एका लेखकाने. तेव्हा त्यात खंत होती. आज याच दोन शब्दांमुळे बसगाड्या भरून माणसं येतात, आणि गावाच्या अलीकडच्या इतिहासातला सगळा वाद या गर्दीभोवतीच फिरतो.

रोमच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर, वितेर्बो जिल्ह्यात हे गाव एका सुळक्यासारख्या टेकडीवर आहे. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ते वसवलं. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंचर इथलेच. त्यांचं जन्मघर म्हणून दाखवली जाणारी जागा बरीचशी दरीत गेली आहे. टेकडीचा वरचा थर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या टफ दगडाचा, खाली चिकणमाती. पाऊस आणि दोन्ही बाजूंचे ओढे खालची माती खातात, आधार सुटला की वरच्या कड्याचा तुकडा घरांसकट खाली येतो. ओल्या चिखलावर विटांची चवड रचावी तशी ही गत. १६९५ च्या भूकंपाने मोठा घाव घातला. बिशपची गादी आणि कारभार शेजारच्या वस्तीत हलला, तीच आजची बान्योरेजो. लोकही हळूहळू तिकडे गेले. दोन वस्त्यांना जोडणारी जमिनीची पट्टीसुद्धा झिजत गेली, आणि १९६५ मध्ये काँक्रीटचा पादचारी पूल बांधावा लागला.

पुलानंतरही कायम राहणारे वाढले नाहीत, आजही ते जेमतेम दहा-बारा. पडकी घरं घेतली ती बाहेरच्यांनी, काही परदेशी. अमेरिकेतल्या एका वास्तुरचनाकार बाईंनी जुनी घरं सावरली, विद्यार्थ्यांना तिथे आणलं. आज ‘अस्सल मध्ययुगीन’ म्हणून ज्यांचे फोटो निघतात, त्यांतल्या कितीतरी भिंती या काळात नीट झालेल्या आहेत. पाहुण्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

मग आलं तिकीट. २०१३ च्या उन्हाळ्यात बान्योरेजोच्या नगरपालिकेने पुलावरून जायला दीड युरो घ्यायला सुरुवात केली. गाव बघायला पैसे, ही कल्पना इटलीतही तेव्हा जवळजवळ कुणी केलेली नव्हती. आक्षेप सरळ होता: चौक, चर्च, गल्ली ही सार्वजनिक जागा, तिला दरवाजा लावला की गावाचं संग्रहालय होतं. नगरपालिकेची बाजूही तितकीच सरळ. कडा ढासळतो आहे, पुलाची देखभाल आहे, तिजोरी रिकामी आहे, आणि येणारे दोन तास फिरून परत जातात. बान्योरेजोच्या रहिवाशांना शुल्क नव्हतं.

तिकिटाने गर्दी कमी होईल असा काहींचा अंदाज होता. झालं उलटं. २०१० च्या सुमारास वर्षाला चाळीसेक हजार पर्यटक येत. २०१७ पर्यंत हा आकडा आठ लाखांवर गेल्याचं सांगितलं जातं. दर वाढत पाच युरोंवर गेला. पैसे भरून बघावं लागतं म्हणजे नक्की बघण्यासारखं असणार, हा हिशेब पर्यटकांनीच केला. या उत्पन्नाच्या बळावर नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर माफ केले, आणि निर्णयाला घरोघरी पाठिंबा मिळाला. बान्योरेजोत खानावळी, राहायच्या खोल्या, हाताला काम, हे सगळं खरंच वाढलं. त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही.

तरी एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. करमाफीचा फायदा बहुतांशी बान्योरेजोच्या मोठ्या वस्तीला, आणि गर्दी सोसायची ती पुलापलीकडच्या मूठभर घरांनी. दुपारी चिविताच्या चौकात रहिवासी शोधून सापडत नाही, रात्री मात्र गाव पुन्हा त्यांचं होतं. चौकात वर्षातून दोनदा गाढवांची शर्यत होते, तीही आता पाहुण्यांच्या नकाशावर आहे. शाळेपासून रोजच्या किराण्यापर्यंत सगळं बान्योरेजोकडे, आणि पुलावरून सामान न्यायला छोटी वाहनं. या गैरसोयींत तिकिटाच्या पैशाने फारसा फरक पडत नाही. कड्याचा प्रश्न तर वेगळाच. पोलादी गज खडकात खोल रुतवून तो बांधला जातो, भूस्खलनाची माहिती देणारं संग्रहालय गावातच आहे. पण खालची चिकणमाती अजूनही सरकतेच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिसने ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा चिविताचं उदाहरण पुन्हा निघालं. तुलना अर्धीच लागू पडते. गर्दी आवरण्यासाठी शुल्क, असं व्हेनिस तरी म्हणतं. चिवितात ते तिजोरीसाठी होतं, आणि गर्दी वाढली तेव्हा त्याबद्दल कुणाला विशेष वाईट वाटलं नाही.