तामन सारी: योग्याकार्ताच्या सुलतानाच्या जलउद्यानाचा इतिहास

जावा बेटावर योग्याकार्ताला जाणारे बहुतेक लोक तामन सारीत निळ्याशार हौदासमोर फोटो काढतात, गाईड सांगतो की सुलतान वरच्या मनोऱ्यातून राण्यांची आंघोळ बघायचा, आणि झालं, अर्ध्या तासात सगळे बाहेर. मला हे फार खटकतं. हौद हा त्या जागेचा एक छोटासा भाग आहे आणि तिची गोष्ट सुरू होते ती एका राज्याच्या वाटणीपासून.

जावावर राज्य करणाऱ्या माताराम घराण्यात गादीवरून वर्षानुवर्षं लढाया चालल्या होत्या आणि त्यात डच कंपनी पार आतपर्यंत शिरली होती. शेवटी १७५५ ला ग्यांतीचा तह झाला, राज्याचे दोन भाग पडले, सुराकार्ता एकाकडे राहिलं आणि दुसरा अर्धा भाग बंड करून उठलेल्या राजपुत्र मांगकुबुमीला मिळाला. तोच योग्याकार्ताचा पहिला सुलतान हामेंकुबुवोनो. नवी राजधानी, नवा राजवाडा (तिकडे क्राटन म्हणतात), आणि त्याला लागूनच १७५८ मध्ये तामन सारीचं काम सुरू केलं, ते १७६५ च्या सुमारास पुरं झालं.

ही वर्षं कळतात कशी, तर ती दारांवरच कोरलेली आहेत, पण आकड्यांत नाही, शब्दांत. सुरुवातीचं साल सांगणारे शब्द आहेत चातुर, नागा, रासा, तुंगाल. चातुर म्हणजे चार, नाग आठ, रस सहा, तुंगाल एक, आणि उलटं वाचायचं, म्हणजे १६८४. आपल्याकडे जुन्या शिलालेखांत आणि पोथ्यांत शके असेच शब्दांत लिहायचे, उलट्या क्रमानेच. हा १६८४ मुळात शकच, फक्त १६३३ मध्ये मातारामच्या सुलतान आगुंगने शकाचा आकडा तसाच पुढे चालू ठेवून वर्ष चांद्र केलं, म्हणून तो आपल्या शकापेक्षा चारेक वर्षं पुढे गेलाय. पूर्ण झाल्याचं साल दुसऱ्या दारावर आहे, त्या शब्दांचा अर्थ पक्षी फुलातला मध चोखतोय असा, आणि दारावर फुलं-पक्षी कोरलेले पण आहेत.

बाग दहा हेक्टरहून मोठी होती. पश्चिमेला सेगारान नावाचा मानवनिर्मित तलाव, त्यात बेटावर पुलो केनांगा ही उंच इमारत, सुलतान तिथे होडीने जायचा नाहीतर पाण्याखालच्या भुयारातून, आणि भुयारात हवा खेळावी म्हणून वर छोटे मनोरे काढलेले. सुमुर गुमुलिंग तर बघण्यासारखंच आहे, गोल दुमजली मशीद, मधला चौक आकाशाला उघडा, चार जिने येऊन एका ओट्यावर मिळतात आणि तिथून पाचवा वर जातो. माझ्या मते लढून राज्य मिळवलेल्या माणसाने आराम, नमाज, ध्यान आणि वेळ पडली तर लपायची सोय असं सगळं एकाच जागी बांधून घेतलं होतं. एका पोर्तुगीज माणसाने ही बाग बांधली अशी दंतकथा आहे, पण देखरेख जावाच्याच सरदारांची होती.

हे सगळं जेमतेम पन्नास वर्षं नांदलं. जून १८१२ मध्ये, जावाचा कारभार बघणाऱ्या रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात, इंग्रजांनी क्राटनवर हल्ला केला, आणि त्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाई बरेच होते म्हणून जावात तो प्रसंग आजही 'गेगेर सपेही', म्हणजे शिपायांचा हलकल्लोळ, म्हणूनच ओळखला जातो. तेव्हाचे सुलतान, दुसरे हामेंकुबुवोनो, पदच्युत होऊन पेनांगला हद्दपार झाले, राजवाड्यातल्या पोथ्या लुटल्या गेल्या (त्यातल्या ७५ ची फक्त डिजिटल प्रत २०१९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने परत दिली, मूळ पोथ्या लंडनलाच आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं). बागेच्या पूर्व भागाचंही तेव्हा नुकसान झालं. मग १८६७ चा भूकंप, इमारती ढासळल्या, तलाव आटला, आणि रिकाम्या जागेत लोक येऊन राहिले.

आजचं कांपुंग तामन म्हणजे तीच वस्ती, तलावाच्या जागी नगासेम बाजार, जुन्या भिंतींना टेकून घरं आणि बाटिकची दुकानं. १९७० नंतर हौदांची डागडुजी झाली, २००४ मध्ये पोर्तुगालच्या गुलबेंकियन फाउंडेशनने पैसे दिले, २००६ च्या भूकंपाने परत तडे गेले. तलावात पुन्हा पाणी भरायचं म्हटलं तर पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांना उठवावं लागेल, आणि ते होऊ नये असं मला वाटतं, कारण दीडशे वर्षं या पडक्या भिंती त्यांच्याच सोबतीने उभ्या आहेत.