फुटीचं पर्सेंटेज आणि फुटीचं रेटिंग: जिंकलेला संघ खाली का येतो?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, म्हणजे तिथल्या बोलीत फुटीचा, सीझन अर्ध्यावर आला की दर वर्षी तोच वाद पेटतो. कुणीतरी संघांच्या ताकदीच्या रेटिंगची यादी पुढे ढकलतं आणि लगेच उत्तर येतं, ‘हा संघ लॅडरवर (गुणतालिकेत) तिसरा आहे, इथे आठवा कसा? आकडे चुकलेत.’ पुढचा हमखास म्हणतो, ‘रेटिंग कशाला हवं, पर्सेंटेज आहे ना!’ हे दुसरं वाक्य मला जास्त खुपतं, कारण खरा घोळ त्यातच आहे.

लॅडरचं साधं आहे. जिंकलं की ४ गुण, बरोबरी झाली की २. गुण सारखे असले की पर्सेंटेज बघायचं: केलेला एकूण स्कोअर भागिले खाल्लेला एकूण स्कोअर, गुणिले १००. क्रिकेटच्या नेट रनरेटचं हे भावंडच, फक्त तिथे वजाबाकी आहे आणि इथे भागाकार. त्यामुळे ८०–६० असं जिंकलं तर १३३ येतात आणि १२०–१०० असं जिंकलं तर १२०, फरक दोन्हीकडे २० पॉइंटांचाच असला तरी. हे लक्षात असलं की पुरे.

पर्सेंटेज दिसायला शास्त्रशुद्ध दिसतं, दशांश चिन्हासकट येतं, म्हणून लोक त्यालाच संघाची ताकद समजतात. पण समोर कोण होतं हे त्याला माहीतच नसतं. एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या तिथल्या मुख्य लीगमध्ये, १८ संघ आहेत आणि प्रत्येकाचे २३ सामने. प्रतिस्पर्धी १७, म्हणजे सहा जणांशी दोनदा गाठ पडते आणि बाकीच्यांशी एकदाच. बाराव्या फेरीला तर चित्र आणखी वाकडं असतं: एखाद्याचे तळातले चार संघ खेळून झालेले असतात, दुसऱ्याच्या वाट्याला पर्थचा प्रवास दोनदा आलेला असतो. पर्सेंटेज हे सगळे सामने एकाच पोत्यात ओततं आणि पोतं तोलतं.

रेटिंग पोतं तोलत नाही. ते प्रत्येक सामन्याआधी एक अपेक्षा बांधतं आणि सामना संपल्यावर त्या अपेक्षेपासून निकाल किती हलला तेवढंच बघतं. पुण्या-नागपुरात बुद्धिबळाच्या रेटेड स्पर्धांना मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबाबांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्यापेक्षा खूप खालच्या रेटिंगच्या मुलाशी डाव बरोबरीत सुटला की पोराचं रेटिंग घटतं. अर्धा गुण मिळाला खरा, पण अपेक्षा जवळजवळ पूर्ण गुणाची होती. अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी मांडलेली ही कल्पनाच फुटीच्या अनेक रेटिंगांच्या मुळाशी आहे.

आता फुटीचं उदाहरण घ्या, आकडे मी धरून चाललोय. ‘अ’ संघाचं रेटिंग +२०, म्हणजे सरासरी संघाला तो तटस्थ मैदानावर २० पॉइंटांनी हरवेल. ‘ब’चं −१०. सामना ‘अ’च्या घरी आणि घरच्या मैदानाचा फायदा ८ पॉइंटांचा धरला, तर अपेक्षा ‘अ’ ३८ पॉइंटांनी जिंकण्याची. प्रत्यक्षात तो १२ पॉइंटांनी जिंकला. लॅडर त्याला ४ गुण देतं आणि ते योग्यच आहे. रेटिंगच्या हिशेबात मात्र तो २६ पॉइंटांनी कमी पडला. त्या तफावतीचा दहावा हिस्सा रेटिंगमध्ये उतरवायचा असं ठरलं असेल, तर ‘अ’ २० वरून १७.४ वर येतो आणि हरलेला ‘ब’ −१० वरून −७.४ वर चढतो. जिंकलेला खाली, हरलेला वर! इथेच माणसं अडखळतात आणि आकडे चुकले म्हणतात. ‘अ’ने त्या दिवशी काय कमावलं हे रेटिंग सांगतच नाही. उद्या तो पुन्हा खेळला तर किती पॉइंटांची अपेक्षा धरावी, एवढंच ते सांगतं.

बुद्धिबळातल्या मूळ एलोत जिंकणाऱ्याचं रेटिंग कधीच घटत नाही, कारण तिथे जिंकण्याच्या पुढे काही मोजायला नसतं. फुटीत असतं. म्हणून नुसतं जय-पराजय बघणारं रेटिंग मला फुटीसाठी अजिबात पटत नाही. अर्ध्या सीझनला हाताशी जेमतेम ११-१२ सामने असताना १ पॉइंटचा विजय आणि ८० पॉइंटांचा विजय एकाच मापाने मोजणं म्हणजे हातातली माहिती फेकून देणं. आणि चार समालोचकांनी बसून लावलेल्या ‘पॉवर रँकिंग’ला तर कुणी रेटिंग म्हणूच नये. ते मत आहे, मत म्हणून वाचावं.

लॅडर आणि रेटिंग एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात ते पाहायचं तर २०२२चा कॉलिंगवूड संघ बघा. १६ विजय, ६ पराभव (तेव्हा सामने २२च असत), लॅडरवर चौथा क्रमांक, आणि पर्सेंटेज फक्त १०४.३. फायनल्सला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, गेलेल्या आठही संघांत सर्वांत कमी. थोडक्यात सुटलेले सामने ते एकामागून एक जिंकत गेले. एसेंडनविरुद्ध तर जेमी इलियटने सामना संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर गोल मारला. फरकावर चालणारं रेटिंग अशा संघाला चौथं स्थान सहजी देत नाही. पण पूर्ण न्यायाने हेही सांगायला हवं की फायनल्समध्ये ते जिलाँगकडून ६ आणि सिडनीकडून १ पॉइंटने हरले, म्हणजे बलाढ्य संघांशीही तितकेच घासून खेळले. ही गोष्ट पर्सेंटेजमध्ये कुठेच दिसत नाही, रेटिंगमध्ये दिसते, कारण त्याला समोरचा माहीत असतो.

रेटिंगचे आपसातले बाकीचे फरक किरकोळ आहेत: गेल्या वर्षाचं किती पुढे आणायचं, एका सामन्याने किती हलायचं, जुने निकाल नव्या माहितीने पुन्हा तपासायचे की नाही. ज्याला खोलात जायचं त्याने जरूर जावं.

मात्र फायनल्सला कोण पोचलं हे विचाराल तर लॅडरच बघायचं आणि तिथे रेटिंगचं काही चालत नाही. त्याच २०२२च्या शेवटच्या फेरीत कॉलिंगवूडने कार्लटनला ७५–७४ असं हरवलं. कॉलिंगवूडचे ११ गोल (प्रत्येकी ६ पॉइंट), ९ बिहाइंड (गोल थोडक्यात हुकला की मिळणारा १ पॉइंट). कार्लटनचे १० गोल, १४ बिहाइंड. गोलच्या दिशेने यशस्वी फटके कार्लटनचे २४, कॉलिंगवूडचे २०. बरोबरी झाली असती तरी कार्लटन फायनल्समध्ये गेलं असतं. विजय वेस्टर्न बुलडॉग्जइतकेच, १२. पर्सेंटेज बुलडॉग्जचं १०८.९, कार्लटनचं १०८.३. आठवे बुलडॉग्ज फायनल्स खेळले, नववं कार्लटन घरी बसलं.